मुठीत राहिलेला चिंचोका

दिनकर,

तुझ्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही, अशी आपल्या ऑफिसात बोलवा आहे. साफ खोटं. काल आपले मालक बापूसाहेब स्वतः तासभर बसले होते तिच्यावर. तिचा एक पाय आखूड आहे हे विसरून डुलले, दचकले, पुन्हा बसले. ते गेल्यावर फक्त पायाखाली कागदाची घडी सरकवून ठेवली, तू ठेवायचास तशी. एवढ्यावरून लोक काहीही बोलतात. बोलू देत. मला कुणाशी भांडायची ताकद नाही सध्या, आणि हे ऐकून तूच पहिला हसशील.

दुपार झाली की मला तू येतोयस असं वाटतं. जेवणं उरकली की राजारामपुरी पेंगायला लागते. आपल्या खालचा दवाखाना बंद होतो, शेवटचं इंजेक्शन घेतलेलं पोर रडत रडत रिक्षात बसतं आणि मग रस्त्यावर काही उरत नाही. समोरचा कापडवाला गादीवर आडवा होतो. वर आपल्या खोलीत मशीन घुंई करत असतं. त्या घुंईत मला तुझं बोलणं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो, शेजारच्या घरात रेडिओ लावलाय तसा. मी काम थांबवून ऐकत बसतो. दाराबाहेर चपला असतात त्यात तुझी कुरकुरणारी जोडी शोधतो. नसते. मग पुन्हा कामाला लागतो.

कोल्हापुरात बसून कॉम्प्युटरचा गाभा लिहायला निघालो होतो आपण, आठवलं की आता हसू येतं. गाभा म्हणजे मशीनच्या अगदी आतला प्रोग्रॅम, बाकी सगळ्या प्रोग्रॅमांच्या नाड्या हातात असलेला. मुंबईहून आणलेला गाभा आपल्या मशीनवर चालेना, कारण आपल्या मशीनची मेमरी निराळी. बापूसाहेबांचा सगळा जन्म उद्यमनगरात लोखंड ओतण्यात गेला आणि उतारवयात कॉम्प्युटर बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. ते म्हणाले, "मेमरीचा भाग तुमीच लिवा की. शिकलायसा कशाला?" जसं काही विहिरीवर पंपच बसवायचाय. मी नाही म्हणणार होतो. तू माझ्या आधी हो म्हणून मोकळा झालास आणि वर त्यांच्याकडून चहा उकळलास.

आक्का एकदा मलकापूरहून आल्या होत्या तुला बघायला, तेव्हा त्यांना तू काय सांगितलंस ते मला जसंच्या तसं आठवतं. तुझ्यापेक्षा मोठी बहीण, त्यात शाळेतली बाई. त्यांना ऐकून घ्यायची सवय नाही, तपासायची आहे. त्यांनी विचारलं, तू दिवसभर काय करतोस? तू म्हणालास, "आक्का, लग्नाची पंगत बग. जागा ठरलेल्या, जेवणारी लई. एक उठला की दुसरा बसवायचा. कोण कुठं बसलाय, कोण उठलाय, ह्याच्यावर नजर ठेवणारा माणूस लागतोय का न्हाय? त्यो माणूस आमी लिवायलोय." आक्कांनी विचारलं, "आन् एकादा उठलाच न्हाय तर?" तू टेबलावर थाप मारलीस. "मास्तर, आईकलंस? हिला घे कामाला!"

मला मास्तर म्हणायचास. माझे वडील मास्तर, म्हणून असं तू लोकांना सांगायचास. खरं कारण मी तुझ्या ओळींत चुका काढायचो. तूही माझ्या काढायचास, पण त्यासाठी तुला काही पदवी मिळाली नाही. दंगा मात्र माझ्यापेक्षा जास्त करायचास.

आपली वाचायची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, तेही मराठीत. ज्यानं लिहिलं त्यानं मशीन व्हायचं. डोळे मिटून बसायचं, समोर बिस्किटाच्या डब्याचं झाकण, झाकणात चिंचोके. एक चिंचोका म्हणजे मेमरीचं एक पान, प्रोग्रॅमला लागणाऱ्या जागेचा एक तुकडा. तुझं लिहिलेलं मी वाचायला लागलो की मी मागणारा, तू देणारा. "एक पान काढून दे," असं मी वाचलं की तू मिटल्या डोळ्यांनी झाकण चाचपून एक चिंचोका माझ्या तळहातावर ठेवायचास. झाकण रिकामं झालं की ओरडायचास, "न्हाय!" असा ओरडायचास की खाली पेशंटच्या नाडीचे ठोके वाढत असतील. डॉक्टर एकदा वर येऊन विचारून गेले, इथं कुणाला झटका वगैरे येतो का म्हणून. न्हाय झालं की मी हातातले चिंचोके झाकणात टाकायचो आणि पुढची मागणी सुरू.

सगळं वाचून पटलं की वाचणाऱ्यानं कागदाच्या तळाला लाल पेन्सिलीनं 'पास' लिहायचं आणि सही ठोकायची. पास नाही तर मशीनमध्ये जाणार नाही, मग बापूसाहेब डोक्यावर उभे राहिले तरी. हा नियम तू काढलास. मला तो तेव्हा पोरखेळ वाटला होता. चिंचोकेही तूच आणलेस, घरच्या चिंचेचे, धुऊन वाळवून, एखादा खजिना आणावा तसे रुमालात बांधून.

तुला मशीन झालेलं बघायला मला आवडायचं, हे कधी बोललो नाही. एरवी तुझा पाय सतत हलत असायचा, हाताला चाळा, तोंडात लिमलेटची गोळी. डोळे मिटलेस की सगळं थांबायचं. कपाळ मोकळं व्हायचं. खिडकीतलं ऊन तुझ्या मनगटावरून सरकत झाकणापर्यंत जायचं आणि तू तसाच. कधी कधी मी वाचायचा थांबून नुसता बघत राहायचो. तुला वाटायचं मी ओळीवर अडलोय. "काय रं, झोपलास का?" असं डोळे न उघडताच विचारायचास.

आणि ती वाडी. स्टॅबिलायझर जळाला, मशीन बंद पडलं, म्हणून नृसिंहवाडीला गेलो होतो आपण दोघं, तुझ्या मोटरसायकलवरून. देव बघितला आणि घाटावर येऊन बसलो. तू कवठाची बर्फी घेतलेली, घरी न्यायला म्हणून, आणि पायरीवरच उघडलीस. पाणी इतकं संथ होतं की कुठल्या बाजूला चाललंय ते कळत नव्हतं. दोन नद्या आहेत म्हणतात, कुठली कुठली ते मला तरी ओळखता येईना. तू बराच वेळ बोलला नाहीस. तुझ्या बाबतीत ही काळजीची गोष्ट, म्हणून मी विचारलं, काय झालं? म्हणालास, "पावसाळ्यात पाणी देवापतूर येतंय. मग उतरतंय. कुणी पुसाय जात न्हाय." मी विचारलं, म्हणजे काय? "म्हंजे काय न्हाय. खा." आणि बर्फीचा तुकडा माझ्या हातात दिलास. पुष्कळदा मी त्या पायरीवर जाऊन बसतो. प्रत्यक्ष नव्हे रे, असाच, इथं बसल्या बसल्या. पाणी तेवढंच असतं. तू बाजूला असतोस की नाही ते नीट दिसत नाही, ऊन फार असतं.

तिथूनच तुझ्या डोक्यात ते न पुसण्याचं शिरलं असणार. नाहीतर एवढ्या साध्या गोष्टीवर आपण इतके भांडलो नसतो.

गोष्ट साधीच होती. एक प्रोग्रॅम संपला, त्याची पानं मोकळी झाली, पण त्यानं लिहिलेलं त्या पानांवर तसंच राहतं. ती दुसऱ्याला देताना पुसून कोरी करून द्यायची की तशीच द्यायची? मी म्हणायचो, पुसायची. "उष्ट्या पत्रावळीवर पावण्याला जेवायला वाढतोस काय रे?" तू म्हणायचास, आपलं मशीन आधीच बैलगाडी, पुसत बसलो तर ज्या दूध संस्थेत ते जाणार तिथली माणसं आपल्याला पुसतील. "नवा आलाय त्यो आपलं लिवंल की त्याच्यावर. जुनं आपोआप जातंय. आन् न्हाय गेलं तर न्हाय गेलं, कुणाचं काय खातंय?" पहिल्या दिवशी हसत भांडलो. मग हसू संपलं. मग जेवणाचे डबे वेगवेगळे उघडायला लागलो. तुझ्या डब्यातल्या खरड्याकडे मी बघायचंसुद्धा सोडलं, आणि त्याचा त्रास मलाच जास्त झाला.

त्या शनिवारी तू कागदांची चळत माझ्या टेबलावर आपटलीस. "पास करायचं तर कर, न्हायतर बस मास्तरकी करत." मी म्हणालो, "नाही करत." तू चपला घालता घालता म्हणालास, "नको करूस. सोमवारी बगतो तुला." खाली मोटरसायकलला किक मारल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या किकला सुरू झाली. मी खिडकीशी गेलो नाही, कारण मी रागात होतो आणि तुला ते कळायला हवं होतं.

मलकापूरच्या अलीकडचं ते वळण. पुढचं तुला माहीत आहे, मला कशाला लिहायला लावतोस.

सोमवारी मी मलकापुरात होतो. तिसऱ्या दिवसाला रक्षाविसर्जन, नदीकाठी सगळं गाव जमलेलं. तुला आवडायचं ते सगळं पानावर मांडलं होतं. भात, खरडा, तांबडा रस्सा, कुणीतरी लिमलेटच्या गोळ्यासुद्धा ठेवल्या होत्या. आणि कावळा शिवेना. जांभळीवर हे एवढे कावळे, काव काव नुसती, पण खाली एक उतरेना. तुझे आबा पुढं झाले, लेकाला म्हणाले, "शेताची काळजी करू नगंस, बाळा." नाही. आक्का म्हणाल्या, "आबास्नी मी बघतो. तू जा निवांत." नाही. तुझ्या चुलत्यांनी मोटरसायकलीचं काहीबाही कबूल केलं. नाही. ऊन चढलं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली, कशात जीव अडकलाय ह्याचा. आबांना उभं राहवेना, त्यांना दगडावर बसवलं.

तुला माहीत आहे, माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आबांना असं उन्हात दगडावर बसलेलं मला बघवेना. माझ्या तोंडातून निघून गेलं. मोठ्यानं निघालं. "दिनकर, तुझं पास केलं रे! पुसायचं नाही! तू म्हणशील तसं!"

कुणाला काही कळलं नाही. आणि एक कावळा खाली आला. थेट पानावर. भाताला चोच लावली, गोळी उचलली आणि उडाला. सगळ्यांनी श्वास सोडला. आक्कांनी माझा दंड धरला आणि बोटं रुतली तरी सोडला नाही. आबा हात जोडून माझ्याकडं बघत होते. कावळ्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं, दिनकर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आलो ते सही करायच्या तयारीनंच. शब्द दिला होता, तोही असा, चारचौघांत, तुझ्या राखेसमोर. पण सही करायची तर वाचल्याशिवाय करायची नाही, एवढी तुझी शिस्त अंगात मुरलेली. अर्धं राहिलं होतं ते वाचून काढू, मग पास लिहू. दुपारी बसलो. तू नव्हतास म्हणून मशीनही मीच आणि मागणाराही मीच. डाव्या हातानं द्यायचं, उजव्या हातानं घ्यायचं. तुझ्या ओळी मोठ्यानं वाचल्या. चांगलं लिहिलं होतंस रे. तोंडावर कधी म्हणालो नाही, पण ते पानं देण्याचं प्रकरण इतकं नेटकं होतं की मला हेवा वाटला. अक्षराला अक्षर लागलेलं, कुठं फापटपसारा नाही. वाचता वाचता तुझा सूर माझ्या आवाजात यायला लागला. मी 'नाही' वाचायच्या जागी 'न्हाय' वाचत होतो.

दोन पानं मागितली होती, झाकणात एकच चिंचोका उरला होता. तो डाव्या हातानं उजव्या हातात दिला. दुसरा नाही. "न्हाय," म्हणालो, अगदी हळू, आणि डोकं टेबलावर टेकलं. त्या आठवड्यात मला झोपच नव्हती, त्यामुळं लागलेली कळलीसुद्धा नाही.

तू दारात होतास. अनवाणी, केस ओले, वाडीच्या घाटावरून नुकताच वर आल्यासारखा. खोलीत घोट्याएवढं पाणी होतं आणि ते मला अजिबात वावगं वाटलं नाही. कागदांच्या चळती पाण्यावर डुलत होत्या. तू माझ्यासमोर येऊन हात पुढं केलास, तळहात वर. मी विचारलं, "काय पाहिजे?" इतका शांत चेहरा, मशीन व्हायचास तेव्हासारखा, पण डोळे उघडे. मी म्हणालो, "पास केलंय की रे, आता काय?" हात तसाच. मला तुला पाणी पुसायला टॉवेल द्यायचा होता, तो सापडत नव्हता. मग खाली दवाखान्याचं शटर वर गेलं, खडखडाट झाला आणि मी जागा झालो.

उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. उघडली तर आत चिंचोका.

तो झाकणात परत टाकायला हात पुढं गेला, नेहमीसारखा. आणि मधेच थांबला. कारण मला प्रश्न पडला की मी हा परत का टाकतोय? कुठल्या ओळीनं सांगितलं? कागद ओढून बघितला. तू लिहिलं होतंस: पान नसेल तर 'नाही' म्हण आणि माघारी जा. बास. आधी दिलेलं परत घे, असं कुठंच लिहिलं नव्हतं. पुढं नव्हतं, मागं नव्हतं. मी चळत उलटीपालटी केली. नव्हतंच.

ते कधीच नव्हतं, दिनकर. चिंचोके परत टाकत होता तो माझा हात. झाकणातलं घेतलं आणि काम झालं नाही तर जिथलं तिथं ठेवायचं, एवढं वळण आपल्या दोघांच्याही घरच्यांनी लावलेलं. त्यामुळं वाचताना मी टाकत राहिलो, तू डोळे मिटून तो टप्पकन आवाज ऐकत राहिलास, आणि दोघांनाही वाटलं की हे मशीनच करतंय. मशीनला कुणी वळण लावलंय? मशीन ते एक पान हातात घेऊन निघून जाणार, आणि ते पान कुणाचंच नाही. पुन्हा नकार, पुन्हा एक गेलं. दोन-चार दिवस कुणाला काही कळणार नाही. मग एका सकाळी दूध संस्थेत किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी, आणि मशीन जागच्या जागी गप्प. कुणाच्या म्हशीचं किती दूध, फॅट किती, सगळं तिथंच अडकणार. उन्हात दूध नासणार. ह्यातली निम्मी माणसं तुझ्या ओळखीची.

मला आनंद झाला, खरं सांगतो. चूक सापडली की होतो तो आनंद, अंगातून वीज जाते तसा. "सापडलं, लेका!" म्हणून मी वळलो खुर्चीकडं. वळल्यावर कळलं, कुणाला सांगणार? आणि मग राग आला. तुझा, माझा, त्या कावळ्याचा. च्यायला, एवढे कावळे होते, त्यातला एक माझ्याच शब्दावर कशाला उतरला?

बापूसाहेबांना सांगितलं. ते माणूस म्हणून भला, तुला माहीत आहे. जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. "पोरा, गेलेल्या माणसाचं काम हाय. नदीवर शब्द दिलायस, मी बी हुतो तितं. आता पासची सही कर, आन् मागनं हळूच दुरुस्त करून टाक. कुणाला काय कळतंय?" खरंच कुणाला कळलं नसतं. तुझ्या कागदावर माझी लाल सही राहिली असती, आबांच्या मनात तो कावळा राहिला असता, मशीनही चाललं असतं. मी पेन्सिल उचलली. प लिहिला. पुढं हात चालेना. तू आयुष्यभर माझं एकही खोटं 'बरोबर आहे' चालवून घेतलं नाहीस, आणि तुझ्या शेवटच्या कामावर मी खोटं लिहायचं?

एसटी पकडून मलकापूरला गेलो. आक्का अंगणात म्हशीपुढं वैरण टाकत होत्या, शाळेतून आल्या त्याच साडीत. मी चहासुद्धा नको म्हणालो आणि सगळं सांगितलं, चिंचोक्यासकट. त्या वैरणीची पेंडी हातात धरून ऐकत होत्या.

"म्हंजे दिनूचं चुकलं."

"चुकलं, आक्का."

"बारकं का मोठं?"

"मोठं. तसंच गेलं असतं तर मशीन बंद पडलं असतं."

"आन् तू नदीवर पास म्हणालास."

"म्हणालो."

त्यांनी पेंडी खाली टाकली. "तुझ्या शब्दावर कावळा शिवला, म्हणून गावभर सांगत हिंडलोय मी. आबा रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला त्येच सांगत्यात."

"म्हणूनच आलो विचारायला. शब्द मोडू का?"

त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मला वाटलं आता हाकलतात. मग म्हणाल्या, "त्यो असता आन् तू चूक दाखीवली असतीस, तर काय केलं असतं त्यानं? आईकून घेतलं असतं?"

"छे! भांडला असता. माझा बाप काढला असता. दोन दिवस बोलला नसता आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त करून आणून दिलं असतं."

"मग भांड की!" आक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की म्हशीनं मान वर केली. "मेला म्हणून पाया पडतोस व्हय त्याच्या? हितं सगळीच पडायल्यात. आबा, चुलतं, शेजारपाजार. दिनू म्हंजे देवमाणूस, दिनू म्हंजे आसं, दिनू म्हंजे तसं. माझा भाऊच कुठं दिसंना झालाय मला. एक तरी त्याला शिव्या घालणारा राहू दे, श्रीधर. तेवढा शिल्लक राहू दे." आणि तिथंच गोठ्याच्या खांबाला टेकून त्या रडायला लागल्या. आबांना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाल्या. मला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तर आता ऐक. तुला शिव्या घालायची परवानगी घेऊनच आलोय.

गाढवा, दिलेलं परत कोण घेणार? तुझा आजा? शंभरदा वाचलंस, शंभरदा मला वाचायला लावलंस, आणि साधी एक गोष्ट लिहायची राहिली तुझी. डोळे मिटून समाधी लावून बसत होतास ना, एकदा उघडून बघितलं असतंस तर माझा हात दिसला असता. मोठा मशीन लागून गेलास! तुझ्या कागदाच्या तळाशी मी प खोडून 'नापास' लिहिलंय, ठसठशीत, आणि सही केलीय. जा, सांग तुझ्या कावळ्याला.

पुसायचं मात्र नाही, ते तसंच ठेवलंय. त्यात तू जिंकलास. मला पटलेलं नाही, मरेपर्यंत पटणार नाही, पण तुझं तुझ्यापाशी. एक बरं झालं, आता ह्या भांडणाला शेवट नाही.

दुरुस्ती मी लिहिली. घेतलेली पानं एकेक करून परत टाकायची, मग 'नाही' म्हणायचं. चार ओळी आहेत. मशीन पुढच्या आठवड्यात दूध संस्थेत जाईल. त्या आधी ह्या चार ओळी दुसऱ्या कुणीतरी वाचायला हव्यात, आपला नियमच आहे. पुण्याहून एक बाई येणार आहेत, हुशार आहेत म्हणे, त्या वाचतील, पटलं तर सही करतील. चांगलंच होईल सगळं.

पण पहिला हक्क तुझा होता. म्हणून आज जेवण झाल्यावर दार लावून घेतलं, तुझ्या खुर्चीसमोर बसलो आणि माझ्या ओळी मोठ्यानं वाचल्या. पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरी मी मुद्दाम चुकीची वाचली. अशी ढळढळीत चूक, की तू झोपेतसुद्धा सोडली नसतीस. वाचून थांबलो. मग तीच ओळ पुन्हा तशीच चुकीची वाचली, आणखी मोठ्यानं. पुन्हा थांबलो.

कुणी 'न्हाय' म्हणालं नाही, दिनकर. तेव्हा मी रडलो. नदीवर रडलो नव्हतो तेवढं सगळं.